आगोटीच्या यादीत वीज

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर. त्या दुपारी श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि खाडीपलीकडे मंडणगड, दापोली या पट्ट्यात जी लाइट गेली, ती कुठे आठवड्याने आली, कुठे पंधरवड्याने, आणि आडबाजूच्या काही गावांत महिना उलटून गेल्यावर.

ही सगळी नारळी-पोफळीची गावं. घरामागे वाडी, वाडीत विहीर आणि विहिरीला बारमाही पाणी. तरीही वादळानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसं रिकामे हंडे घेऊन फिरत होती. कितीतरी विहिरींवरचे रहाट केव्हाच मोडीत निघाले होते. विहिरीवर लोखंडी जाळी, जाळीतून खाली गेलेला काळा पाइप आणि पडवीच्या भिंतीवर पंपाचा स्टार्टर. पाणी खाली डोळ्यांना दिसत होतं, ते वर काढायला घरात धड दोर नव्हता. ज्यांनी जुनी कप्पी खुंटीला टांगून ठेवली होती त्यांच्याकडे आळीतल्या बायकांची रांग लागली. पुढे चार-चार घरांनी मिळून जनरेटर भाड्याने आणला, तो हातगाडीवर घालून घरोघर फिरवला. ज्याच्या दारात तो उभा, त्याने आधी टाकी भरायची आणि मग सगळ्या घराचे मोबाइल चार्जिंगला लावायचे.

लाइट गेली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंधार येतो, आणि आपण तयारी करतो तीही अंधाराचीच: मेणबत्त्या, बॅटरी, इन्व्हर्टर. अंधार हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. माणूस संध्याकाळी सातला जेवून आठला झोपू शकतो. अडतं ते पाण्यावाचून, त्यानंतर औषधावाचून आणि मग फोनवाचून. घराची तयारी याच क्रमाने करायला हवी असं माझं मत आहे, आणि बहुतेक घरांत ती नेमकी उलटी झालेली असते.

कोकणात आगोटीची तयारी म्हणून एक रीत होती आणि अजून थोडीफार आहे. मिरग लागायच्या आत चार महिन्यांची बेगमी करायची. भात-तांदूळ, कांद्याच्या माळा, सुकट-बोंबील, पापड, लाकूडफाटा, शेणी, गुरांना पेंढा, घराला झड. त्या यादीत कंदिलाच्या वाती आणि जादा काचाही असत. रस्ता बंद पडणार, होडी वाहून जाणार, वाण्याकडचा माल संपणार हे धरूनच ती यादी केलेली असायची. मग रस्ते झाले, पूल झाले आणि वीज आली. यादी आखडत गेली. रेशनवरचं रॉकेल बहुतेक ठिकाणी बंद झालं आणि कंदील हॉटेलांच्या सजावटीत गेला. याचं मला दुःख नाही, धुराने काळवंडलेली काच रोज संध्याकाळी राखेने पुसणं हे काही सुख नव्हतं. पण यादीतून कंदील काढताना त्या जागी जे लिहायला हवं होतं ते कोणी लिहिलंच नाही.

त्याचं एक कारण आपल्या भारनियमनाच्या अनुभवात आहे. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. पुढच्या काही वर्षांत राज्यात मागणी आणि पुरवठा यांतली दरी वाढत गेली आणि २००५ नंतर भारनियमन हा रोजच्या जगण्याचा भाग झाला. वर्तमानपत्रात वेळापत्रक यायचं. सकाळी या भागात, दुपारी त्या भागात. बायका दळण त्या वेळा बघून टाकायच्या, मुलं अभ्यास त्याप्रमाणे करायची, पिठाच्या गिरणीचा मालक रात्री जागायचा. खेड्यात सिंगल फेजवर दिवे मिणमिणायचे आणि शेतीपंपाची थ्री फेज रात्री-अपरात्री यायची. २०१२ च्या अखेरीपासून जिथे वसुली चांगली आणि गळती कमी त्या फीडरवरचं भारनियमन थांबलं. जिथे गळती जास्त, तिथे ते पुढेही चालू राहिलं.

त्या काळाने एका अख्ख्या पिढीला शिकवलं की लाइट जाते ती काही तासांसाठी, आणि परत कधी येणार हे ठाऊक असतं. इन्व्हर्टर हे त्या शिकवणीचं फळ. तीन-चार तास काढायला तो उत्तमच. वादळ, पूर किंवा जळालेली डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) यांना मात्र वेळापत्रक नसतं.

शहरातल्यांनी हे खेड्यातलं दुखणं समजू नये. १२ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एका झटक्यात गेली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या यंत्रणेत देखभालीचं काम चालू असताना बिघाड झाला. एरवी अशा वेळी मुंबईने स्वतःला बाहेरच्या जाळ्यापासून तोडून घ्यायचं आणि आपल्या वीजनिर्मितीवर तग धरायचा, अशी ‘आयलंडिंग’ची व्यवस्था आहे. तिचा मुंबईला अभिमान होता. त्या दिवशी ती टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि माणसं रुळांवर उतरून चालू लागली. अत्यावश्यक सेवा काही तासांत सुरू झाल्या. उपनगरांतल्या काही भागांत मात्र संध्याकाळपर्यंत आणि त्यानंतरही वाट पाहावी लागली.

टॉवरमध्ये राहणाऱ्यांना त्या दिवशी एक गोष्ट कळली. गच्चीवरच्या टाकीत पाणी असेपर्यंत खालच्या मजल्यांना ते आपसूक उतरतं. सगळ्यांत वरच्या दोन-तीन मजल्यांना टाकी जवळ असल्यामुळे दाब पुरत नाही, तिथे प्रेशर पंप बसवलेला असतो. म्हणजे ज्यांनी फ्लोअर राइजचे पैसे मोजले त्यांचेच नळ सर्वांत आधी कोरडे पडतात. सोसायटीच्या जनरेटरवर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे असतातच, पाण्याचा पंप आहे का हे कितीजणांनी विचारलंय? आणि डिझेल किती तास पुरेल, ते संपल्यावर कोण आणणार, हे वार्षिक सभेत कोणी काढलंय का? पार्किंगवर मात्र दोन-दोन तास भांडण होतं.

पाण्याचा हिशेब साधा आहे. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे माप धरलंय. चारजणांच्या घराला त्या हिशेबाने २२० लिटर. हजार लिटरची टाकी भरलेली असेल तर काटकसरीने चार-साडेचार दिवस निघतात. शहरी नियोजनाचं माप माणशी १३५ लिटर. त्याच उधळपट्टीने वापरलं तर ती टाकी दोन दिवसांत तळ गाठते. म्हणून वादळाचा इशारा आला की पहिलं काम टाकी काठोकाठ भरणं, दुसरं पिण्याचं पाणी वेगळं काढून ठेवणं. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांनी जाळीला एक झाकण ठेवावं, घागर आत जाईल एवढं, आणि कप्पी, दोर, कळशी हे सामान पंपाच्या बिलाच्या फायलीइतकंच जपावं. हा सगळा खर्च एका मोबाइलच्या कव्हराच्या आसपासचा आहे.

आणि नाही, घरातला इन्व्हर्टर पंप चालवत नाही. हा प्रश्न मला हटकून विचारला जातो. एक अश्वशक्तीचा पंप चालू असताना हजार वॉटच्या आसपास ओढतो आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट. घरोघरचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर तिथे एका किरट्या आवाजात मान टाकतो. छोट्या पंपालाही अडीच-तीन केव्हीएचा जनरेटर लागतो.

मग इन्व्हर्टर देतो काय? १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण पिळायची नसते आणि डीसीची एसी करताना थोडी घट येते, त्यामुळे हातात ११००-१२०० धरा. जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो. असे तीन पंखे, चार एलईडी बल्ब आणि वायफायचा राउटर मिळून २७० वॉट झाले, म्हणजे सव्वाचार तास. तेच तीन पंखे बीएलडीसी असतील, प्रत्येकी तीसेक वॉटचे, तर तीच बॅटरी आठ तासांच्या वर जाते. बॅटरीवाले मोठी बॅटरी गळ्यात मारतात, कारण पंखे दुसरा दुकानदार विकतो. तुमच्या घरात जुने पंखे असतील तर आधी ते बदला. त्या पैशांत विजेचं बिलही उतरतं.

बॅटरी विकत घेतली की ती जिन्याखाली ढकलायची आणि विसरायची, अशी पद्धत आहे. दिवाळीची साफसफाई हा तिच्याकडे बघायचा चांगला मुहूर्त. आधी इन्व्हर्टर बंद करायचा, मागची पिन काढायची. हातातल्या बांगड्या आणि अंगठी उतरवून ठेवायची. सोन्याची अंगठी पाना आणि टर्मिनल यांच्यात सापडली तर एका क्षणात लाल होते आणि बोट भाजून काढते. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पावडर जमलेली दिसेल. किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत, ती लवकर धरते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं की ती फसफसत निघते. ते पाणी झाकणांतून आत जाता कामा नये. कोरडं पुसून बोल्ट आवळायचा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवायचा. मग झाकणांवरचे तरंगते दांडे बघायचे. लाल खुणेच्या खाली गेला असेल त्या खणात बॅटरीचं पाणी घालायचं, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी चालत नाही, नळाचं तर नाहीच, आणि ॲसिड तर कधीच घालायचं नाही. सहाही खण सारख्या पातळीवर येईपर्यंत सावकाश ओतायचं. घाईने ओतलं की वरून सांडतं आणि फरशीवर कायमचा डाग पडतो. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ती बंद कपाटात ठेवायची नाही, आणि तिच्या शेजारी देव्हारा करून समई तर मुळीच लावायची नाही. असं घर मी पाहिलेलं आहे.

आता सौरऊर्जेबद्दल. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि छपरांवर पॅनेलं दिसू लागली. ती घेणाऱ्यांपैकी अनेकांचा समज असा की आता लाइट गेली तरी आपल्याला फिकीर नाही. पहिल्यांदा भरदुपारी लाइट जाते, डोक्यावर लख्ख ऊन असतं, छपरावर पॅनेलं तळपत असतात आणि घरातला पंखा थांबतो. मग फसवणुकीची तक्रार होते. फसवणूक नसते. साधी ऑनग्रिड यंत्रणा लाइनवर वीज नाही असं दिसताच आपोआप बंद पडते आणि ती तशी बंद पडलीच पाहिजे असा नियम आहे. लाइट गेल्यावरही सौर वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणा लागते, तिचा खर्च बराच जास्त आणि अनुदान बॅटरीला नाही.

हा नियम का, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण जनरेटर आणणाऱ्या प्रत्येकाला तो लागू पडतो. वायरमन खांबावर चढण्याआधी परमिट घेतो. म्हणजे उपकेंद्रातून त्या फीडरची वीज बंद केल्याची खातरजमा होते. एबी स्विच उघडतो, डिस्चार्ज रॉडने तारा जमिनीला जोडतो. एवढं झाल्यावर लाइन मेली असं समजून तो हात घालतो. त्याच वेळी खाली कुणीतरी हुशारी करून भाड्याचा जनरेटर दोन्हीकडे पिना असलेल्या वायरने घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतो. मेन स्विच चालूच असतो. वीज घरातून मीटरमधून उलटी खांबावर जाते. ती २३० व्होल्टची वीज माणूस मारायला पुरेशी आहे. पण तिथेच थांबत नाही. गावातली डीपी ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्ट करते, तसेच उलट्या बाजूने वीज आली तर घरगुती व्होल्टचे पुन्हा ११ हजार करते. वादळानंतर पुढची लाइन तुटलेली, भार असा काही उरलेला नाही, तेव्हा छोट्या जनरेटरलाही हे जमून जातं. दोन आळ्या पलीकडे खांबावर बसलेल्या माणसाला यातलं काही कळण्याचा मार्ग नसतो.

यावर उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. घर एक तर बाहेरच्या लाइनला जोडलेलं असेल नाहीतर जनरेटरला, दोन्हींना एकदम जोडताच येणार नाही, एवढंच तो करतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियन अर्ध्या दिवसात बसवून देतो. निसर्गनंतर बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन भरपावसात, चिखलातून खांब खांद्यावर वाहून वाड्यांमध्ये नेत होते. त्यांच्यासाठी गावांनी जेवणं घातली, चहा केला, सगळं खरं. ज्या घराने जनरेटर जोडण्याआधी मेन स्विच पाडला, त्या घरानेही तेवढंच केलं असं मी म्हणेन.

जनरेटर उघड्यावर ठेवायचा, पडवीतसुद्धा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

फ्रिजचं थोडक्यात. दार न उघडता तो चारेक तास थंडावा धरतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा असेल तर एक. म्हणून इशारा मिळताच पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये भरून गोठवाव्यात. बर्फ थंडावा धरतो आणि वितळल्यावर पाणी पिता येतं. सुरमईचे तुकडे जपून ठेवायचा मोह सोडून ते पहिल्याच दिवशी तव्यावर घालावेत. शेजाऱ्यांना बोलवावं.

खरी काळजी इन्सुलिनची. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. वापरात असलेली साधारण चार आठवडे सामान्य तापमानाला चालते, पण कोकणातलं मे महिन्यातलं घर हे त्या अर्थाने सामान्य नव्हे. एकात एक ठेवलेली दोन मडकी, मध्ये ओली वाळू, वर ओलं फडकं आणि सावली एवढ्यावर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंशांनी उतरतं. पावसाळी दमट हवेत हा उपाय कमी पडतो, कोरड्या हवेत चांगला चालतो, म्हणजे मराठवाड्याला जास्त उपयोगी. आपल्या इन्सुलिनचं नेमकं काय ते डॉक्टरांना सवडीत विचारून ठेवावं. ज्या घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे त्यांनी वेगळा हिशेब करावा. पाच लिटरचं यंत्र तीनशे-साडेतीनशे वॉट खातं, म्हणजे वर सांगितलेली अख्खी बॅटरी फक्त त्यालाच दिली तरी तीन-साडेतीन तास. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्या रात्री अशा घरांतल्या माणसांनी काय काढलं असेल! अशा घरी भरलेला सिलिंडर हाच आधार, आणि वादळाचा इशारा असेल तर आदल्या दिवशीच तालुक्याला नातेवाइकांकडे जाणं शहाणपणाचं.

फोन चार्ज असला तरी टॉवर चालू राहील असं नाही, टॉवरलाही बॅटरी आणि डिझेल लागतं. निसर्गमध्ये गावंच्या गावं संपर्काबाहेर गेली आणि मुंबईतली मुलं आईवडिलांच्या खबरीसाठी कासावीस झाली. सेलवर चालणारा रेडिओ आणि बाजूला काढून ठेवलेले सेल असावेत. सेल आत घालून ठेवले की पाझरतात. घरात सुट्ट्या नोटा असाव्यात. यूपीआयच्या सवयीने पाकीट रिकामं झालंय आणि नेटवर्क नसेल तर वाणी उधारी लिहील, पेट्रोलपंप लिहिणार नाही.

लाइट जाते त्या क्षणी करायच्या गोष्टी दोनच. फ्रिज, टीव्ही, पंप, एसी यांची बटणं बंद करायची आणि एक बल्ब चालू ठेवायचा, म्हणजे आली की कळते. आणि तो बल्ब कसा पेटतो ते बघायचं. डोळे दिपतील इतका लख्ख पेटला, पंखा भिरभिरू लागला किंवा उलट बल्ब लालसर मिणमिणला, तर डीपीचा न्यूट्रल गेलेला असण्याची शक्यता असते. अशा वेळी एका घराला तीनशे-साडेतीनशेच्या वर व्होल्ट मिळतात आणि शेजाऱ्याला शंभर. वाट बघत बसू नये, मेन स्विच पाडावा. एकाच रात्री आळीतले सगळे टीव्ही जळाल्याच्या कहाण्या ऐकू येतात, त्या बहुतेक न्यूट्रलच्या असतात.

नीट आली असेल तरी दहा मिनिटं थांबावं. आलेली लाइट पुन्हा जाते हा सगळ्यांचा अनुभव, आणि त्यावर वायरमनला शिव्या घालायची पद्धत आहे. होतं असं की उपकेंद्रातून फीडर चालू करताच गावातले सगळे फ्रिज, सगळे पंप एकाच क्षणी उठतात. एरवी ते आळीपाळीने चालतात, त्यामुळे नेहमीचा भार एवढा नसतो. तो धक्का सोसत नाही आणि फीडर ट्रिप होतो. मग ऑपरेटर थोडा थांबतो, पुन्हा चालू करतो, एकेक करून फीडर घेतो. शेजारच्या आळीत उजेड आणि आपल्याकडे अंधार, यामागे कुणाचं राजकारण असलंच पाहिजे असं नाही.

तरीही तक्रार करायची झाली तर १९१२ हा नंबर आहे, आणि तिथे आधी ग्राहक क्रमांक विचारतात. तो बारा आकडी असतो आणि कुणाला पाठ नसतो. पूर्वी बिलावर बघून सांगता यायचा, आता बिल मोबाइलवर येतं आणि मोबाइल बंद पडलेला असतो. शेजाऱ्याच्या फोनवरून तक्रार करताना अडू नये म्हणून मीटरच्या शेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने तो लिहून ठेवावा. यंदा घराला रंग देत असाल तर डबा उघडलेलाच असेल.